जुन्या चाकाचा आकडा

गाड्यांची चाकं बोलायची, त्या काळची गोष्ट. एका घरात हवा मोजायचं नवं गेज आलं. गाडीचं मागचं जुनं चाक गुरगुरलं, "मला फेरी मारून आल्यावरच मोज. आमच्या वेळी मालक नुसती लाथ घालून सांगायचा, ठणठणीत!"

गेजला संशय आला. चाक तापलं की आतली हवा फुगते, आकडा चढतो. मग म्हाताऱ्याला गरमच का मोजून घ्यायचंय? दुसऱ्या दिवशी अख्खं घर घाट उतरणार होतं. सकाळी गाडी हलायच्या आत गेज त्याला जाऊन भिडलं. हवा तीस पौंड हवी होती, निघाली अठरा.

"कुणाला सांगू नकोस रे," म्हातारं कुजबुजलं, "एवढ्या वर्षांचा मान जाईल."

"आणि घाटात पोरं गेली तर, आजोबा?" गेज म्हणालं, आणि मालक येईपर्यंत त्याने काटा अठरावरच रोखून धरला.