बिनवासाचं जाळं

शिडं मागे पडून होड्यांना इंजिनं बसून बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. एका बंदरावर डिझेलचा म्हातारा पंप होता. मासेमारीच्या होड्यांना बिनकराचं डिझेल, हौसेनं फिरणाऱ्यांना करासकट, असा नियम होता. जिच्या अंगावर जाळं, ती मासेमारीची.

मग काय, हौशी होड्याही जाळी पांघरून येऊ लागल्या. बिनकराचा साठा मोजकाच. तो संपला की खऱ्या मासेमारीच्या होड्या किनाऱ्यावर बसून राहत.

एके सकाळी केशर नावाची हौशी होडी रांगेत लागली. करासकट डिझेल तिला परवडत नव्हतं. मागची हौशी होडी कुजबुजली, "अगं, माझं अर्धं जाळं घे. म्हाताऱ्याला कुठं दिसतंय?"

केशरनं तिच्याही मागे पाहिलं. मासळीच्या वासाची एक जुनी होडी ताटकळत उभी होती.

"नको गं," म्हणत केशर पंपापाशी गेली. "काका, मी हौशी. कर लावा, पण निम्मीच टाकी भरा. उरलेली वाट शिडावर जाईन."

पंपानं नळी तिच्या टाकीत सोडली. "पोरी, बिनवासाचं जाळं मला लांबूनच कळतं. पण नियमात जाळं लिहिलंय, वास नाही. म्हणून इतकी वर्षं स्वतःहून खरं सांगणाऱ्या होडीची वाट बघत होतो."

मागच्या हौशी होडीनं आपलं कोरं जाळं हळूच उतरवून ठेवलं.