भिंतीवरचा पाट

“...मग माझं चुकलं कुठं, तेवढं तरी सांगा, बुवा.”

मधुसूदन आरोलकरांनी विचारलं खरं, पण सूर असा, की चुकलं असेल तर ते दुसऱ्याचंच. टेंबाची टेकडी चढून आल्यानं धाप लागली होती आणि नाकाला मिरच्याही झोंबलेल्या होत्या.

दाजीबुवा मठीच्या पडवीत पाटावर बसून सुपातले तांदूळ निवडत होते. त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला.

“सगळं सांग बघू,” ते म्हणाले.

आरोलकरांनी सांगितलं. त्यातलं अर्धं स्वतःचंच कौतुक होतं, पण खोटं म्हणता यायचं नाही. जन्म मुंबईत नोकरीत काढला आणि गावी परतल्यावर वडलांच्या भाताच्या वखारीत त्यांनी गॅलरी काढली. लोक हसले. वखारीत आता बाहुल्या ठेवणार म्हणे हा! पण आरोलकर हटले नाहीत. लाकडी खेळणी, वेताच्या टोपल्या, मातीची बुडकुली, जे ज्याच्या हातात होतं ते मांडलं, वर दिवे सोडले आणि खाली करणाऱ्याचं नाव लिहिलं. बाहेरगावची माणसं वाट वाकडी करून येऊ लागली. म्हातारे कारागीर नातवंडांना घेऊन स्वतःचं नाव बघायला येत, तेव्हा आरोलकरांचा ऊर भरून येई. यायलाच हवा होता.

अडलं ते गुणाजी मेस्त्रीपाशी.

गणपती घडवायच्या जागेला तिकडे शाळा म्हणतात. बाकीच्या शाळांत साच्यातले गणपती येतात आणि रंग लावून जातात. नुसत्या हातानं मूर्ती करणारा पंचक्रोशीत हा एकटाच उरलेला. आणि तोच यंदा म्हणाला, एवढी चतुर्थी झाली की शाळा बंद.

आरोलकर धावत गेले. म्हणाले, मेस्त्री, एक मूर्ती गॅलरीसाठी करा. विसर्जन करणार नाही, काचेत ठेवीन, कायमची. तुमची कला तरी मागं राहील.

गुणाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “पाट कोणाचो?”

त्या मुलखात मूर्ती नुसती उचलून आणत नाहीत. घरचा पाट शाळेत पोचवायचा. त्या पाटावर मूर्ती घडते आणि त्याच पाटावरून घरी येते. आरोलकर म्हणाले, पाट कशाला, मी संगमरवरी चौथरा करून घेतो.

गुणाजीनं हात धुतले आणि तो आत निघून गेला.

“तुमचा शब्द तो मोडायचा नाही,” आरोलकर बुवांना म्हणाले. “तुम्ही सांगा त्याला. तो थांबला की संपलं सगळं.”

बुवांनी आणखी एक खडा उचलून अंगणात टाकला.

म्हणाले, “तुझे वडील कसा आणायचे रे गणपती?”

आरोलकर हसले. राग कुठल्या कुठे गेला. आषाढ सरत आला की वडील माळ्यावरून पाट काढत, नारळाच्या सोडणाच्या काथ्यानं घासून लख्ख करत आणि लहानग्या मधूच्या डोक्यावर देत. शाळेत गुणाजीचा बाप पाटाच्या कडेला खडूनं घराचं नाव लिहून घेई. भिंतीशी पाटांची ही मोठी चवड लागलेली असे. मग रोज संध्याकाळी मधू दप्तरासकट शाळेच्या खिडकीशी. आज पोट झालं, उद्या सोंड. कधी नुसताच ओल्या फडक्याखालचा गोळा दिसे आणि पोर हिरमुसून घरी येई, जेवायला बसत नसे. डोळे सगळ्यांत शेवटी. त्या दिवशी मेस्त्री कुणाला आत घेत नसे, आणि बाहेर पोरं श्वास रोखून उभी.

विसर्जन करून वडील परतत तेव्हा पाटावर नदीतली मूठभर वाळू असे. मधू मागून रडत येई. आठ दिवस घर खायला उठे.

“तो ओल्या मातीचा वास अजून नाकात आहे, बुवा,” आरोलकर म्हणाले. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“पाट कुठाय तो?”

“गॅलरीत आहे की. आत शिरलं की समोरच्याच भिंतीवर. वर खास दिवा सोडलाय. लोक पहिला फोटो त्याचाच काढतात.”

“आणि घरी गणपती?”

“पितळेचा. मुंबईहून आणलेला. दरवर्षी तोच...”



बुवा गुडघ्यावर हात देऊन उठले. बसायचा पाट उचलला, पंच्यानं पुसला आणि भिंतीला टेकवून उभा केला. जरा मागं सरून बघितला. थोडा डावीकडे सरकवला. मग पावसानं ओल धरलेल्या जमिनीवर बसले.

“कसा दिसतो?”

“चांगला दिसतो,” आरोलकर म्हणाले. सवयच ती.

“आणि मी?”

आरोलकरांनी पाहिलं. म्हातारा माणूस. धोतराला ओल चढत होती. पाय धड मुडपत नव्हते. ते पाट घ्यायला पुढं झाले, तर बुवांनी हातानंच थांबवलं.

...

आरोलकरांना गावातली घरं आठवू लागली, ज्यांचे पाट त्या चवडीत असत. आता त्या घरांतले पाट कुठे असतील? कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या टीव्हीखाली. गुणाजीच्या शाळेत जेमतेम दोनचार. आणि हीच सगळी माणसं गॅलरीत येऊन गुणाजीसाठी हळहळतात. कला जपली पाहिजे हो, म्हणतात. त्यांच्यात सगळ्यांत मोठ्यानं हळहळणारा कोण, ते आरोलकरांना वेगळं सांगायला नको होतं. तोंडात मारल्यासारखं झालं. एवढी वर्षं ते गुणाजीकडे गेले ते कौतुक घेऊन, कॅमेरा घेऊन, पाहुणे घेऊन. घरासाठी गणपती मागायला कधी गेलेच नव्हते.

“उद्याच उतरवतो तो पाट,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “घासून, डोक्यावर घेऊन जातो त्याच्याकडे. घरचा म्हणून.”

बुवांनी मान डोलावली.

आरोलकर उठले, पायऱ्यांपर्यंत गेले, आणि तिथं त्यांच्यातला गॅलरीवाला पुन्हा जागा झाला. अशी सवय एका दिवसात कुठली जाते? ते मागं वळले.

“पण बुवा, भिंत तर उद्याच मोकळी होणार. आणि मूर्तीही पाण्यात गेली, तर मागं उरणार काय?”

बुवांनी सूप पुढं ओढलं.

“रिकामा पाट उरेल,” ते म्हणाले. “पुढच्या चतुर्थीला पुन्हा त्याच्याकडे जायला. गुणाजीला दुसरं काय हवंय?”