एक सदूकी आणून दाखवा

जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी जाळलं, त्याला तीन वर्षं झाली होती. म्हातारा मतित्या समुद्रकाठच्या एका गावात विणकरांना यहुदी धर्मशास्त्र शिकवत कसेबसे दिवस ढकलत होता. एक दिवस क्रिस्पस नावाचा रोमन अधिकारी ऐटीत दारात येऊन उभा राहिला.

"परुशी पक्षाच्या लोकांना गावातून हाकलायचा हुकूम आहे. तू परुशी होतास, आता म्हणे रब्बी झालास. नाव बदललं की माणूस बदलतो का रे? फरक सांग, नाहीतर चल."

मतित्या तेव्हा हात धूत होता. घरची साधी भाकर खातानाही मंदिरातल्या पुरोहितासारखे हात धुवायचे, ही परुशांची रीत.

"सरकार, मंदिर चालवणाऱ्या सदूकी पक्षाच्या पुरोहितांशी आम्ही वाद घालायचो, म्हणून आमचा पक्ष होता. तुम्ही मंदिर जाळलंत, पुरोहित मारलेत. आता वाद कोणाशी घालू? शिकवणं तेवढं उरलं, म्हणून लोक रब्बी म्हणतात. हा फरक तुमच्याच मशालींनी केलाय. एक सदूकी जिवंत आणून दाखवा, मी या क्षणी परुशी होतो आणि तुमच्या मागून चालू लागतो."

क्रिस्पस आल्या पावली परत गेला.

"रब्बी, चांगली जिरवलीत त्याची," शिकायला बसलेले विणकर म्हणाले.

"घरची भाकर म्हणजे काय नैवेद्य आहे?" असं म्हणत जेरुसलेममधला शेजारी, सदूकी पुरोहित योएजर, मारला जाईपर्यंत चाळीस वर्षं मतित्याची टर उडवत आला होता. त्याला मात्र मतित्या एकदाही गप्प करू शकला नव्हता.

त्याने पुन्हा हात धुतले आणि कोणीतरी टर उडवेल म्हणून थांबून राहिला. भाकर तशीच वाळून गेली.