साकवाचं माप

एका गावात एक व्हाळ होता आणि व्हाळाच्या काठी एक शाळा. व्हाळ म्हणजे ओढाच, पण कोकणातला! उन्हाळ्यात कोंबडीसुद्धा पाय न भिजवता पलीकडे जाईल आणि आषाढात तोच व्हाळ म्हैस वाहून नेईल. पल्याडच्या वाडीतली मुलं साकवावरून शाळेत येत. साकव म्हणजे पोफळीची खोडं आडवी टाकून केलेला छोटा पूल. गेल्या पावसाळ्यात तो वाहून गेला आणि पाऊस संपेपर्यंत बिचारी मुलं घरीच बसली.

यंदा मात्र शाळेत टॅब आला होता. घाडी गुरुजींनी वर्गात जाहीर केलं, "या वर्षीचा साकव आपण आखायचा! नव्या जागी, शाळेच्या अगदी समोर!" वर्गात असा गलका झाला की छपरावरची कबुतरं उडाली. टॅब चालवण्यात सातवीतली तेजल सगळ्यांत तरबेज. तिने दोन्ही काठांमधलं अंतर मोजून टॅबला सांगायचं आणि खोडं किती लांब हवीत ते टॅबने सांगायचं, असं ठरलं.

मोजायचं म्हणजे दोरी घेऊन करवंदीच्या जाळीत शिरायचं. तेजलला वाटलं, एवढा हुशार टॅब हातात असताना काटे कोण टोचून घेणार? तिने टॅबवर गावाचा आकाशातून टिपलेला नकाशा उघडला. पाण्याच्या या कडेला एक बोट, त्या कडेला दुसरं बोट. झालं माप!

"काठावर जाऊन मोजलंस ना, बाय?" गुरुजींनी विचारलं.

"हो, गुरुजी."

शाळेच्या दारावर 'सत्यमेव जयते' असं लिहिलेलं होतं. सव्वीस जानेवारीला ती अक्षरं तेजलनेच रंगवली होती, अगदी वळणदार. पण दारावर लिहायला काय लागतं? रंग आणि कुंचला.

टॅबने साकवाचं झकास रंगीत चित्र काढलं. बोटाने फिरवलं की साकव गर्रकन फिरे! गाव बघतच राहिलं. जो तो मान डोलावू लागला. घरटी एक पोफळ आली. सुट्टी लागायच्या आधीच्या रविवारी सगळं गाव व्हाळावर जमलं. ताशा वाजू लागला, पोरं नाचू लागली, आणि गणू मेस्त्रीने करवत परजली.

टॅबने सांगितलेलं माप खोडावर आखायला तेजल दोरीचं एक टोक धरून उभी होती. दुसरं टोक धरलं होतं पल्याडच्या वाडीतल्या लहानग्या गौतमीने. गौतमी आनंदाने टुणटुण उड्या मारत होती. "ताई, आता मी रोज शाळेत येणार!"

तेजल हसली आणि सहज वर पाहू लागली. डोक्यावरच्या फांदीत सुकलेलं गवत अडकलं होतं. पाणी तर तिकडे लांब, खाली! मग गवत इथे वर आणलं कुणी?

पुराने आणलं! नकाशावर तिने मोजली होती ती उन्हाळ्यातली धार. आषाढातला व्हाळ या झाडापर्यंत पसरतो. खोडं आखूड कापली गेली, तर यंदाही गौतमी घरीच बसणार.

गप्प राहिलं तर? टॅबचं चुकलं म्हणता येईल. टॅब काही उलटून बोलणार नाही. पण करवत पहिल्या खोडात शिरली, खर्र खर्र आवाज झाला, आणि तेजलला राहवेना.

"थांबा! कापू नका!"

ताशा थांबला. मेस्त्री म्हणाले, "काय झाला गो?"

"मी मोजलंच नाही," तेजल रडत म्हणाली. "नकाशावर बोटं ठेवली आणि गुरुजींना खोटं सांगितलं. टॅब बरोबर आहे. मी चुकले."

सगळे गुरुजींकडे पाहू लागले. गुरुजी खोडाजवळ आले आणि करवतीने पाडलेल्या खाचेवरून हात फिरवत म्हणाले, "मीही चुकलो. मोजलं का विचारून मोकळा झालो, स्वतः काठावर आलो नाही." मग त्यांनी धोतराचा काचा मारला आणि दोरी उचलली. "चला रे पोरांनो, शिरा जाळीत!"

आणि काय सांगू! सगळी शाळा करवंदीत घुसली. कुणाला काटे टोचले, कुणाचा सदरा फाटला, पण दोरी पुराच्या खुणेवरच्या उंच काठापासून उंच काठापर्यंत गेली. आता आपल्या हातून टॅब जाणार, असं तेजलला वाटलं होतं. गुरुजींनी तो तिच्याच हातात ठेवला. "हं, आता हे माप घाल."

नव्या मापाला खोडं जेमतेम पुरली. खाच पडलेलं खोड तेवढं पायाखाली न घालता कठड्याला लावलं.

आषाढात व्हाळ फुगला. पाणी त्या झाडापर्यंत आलं, फांदीतलं जुनं गवत घेऊन गेलं, पण साकव जागचा हलला नाही. घाडी गुरुजींनी हजेरी घेतली. पल्याडच्या वाडीतलं एकेक नाव आलं आणि प्रत्येक नावाला खणखणीत उत्तर आलं, "हजर, गुरुजी!" सगळ्यांत मोठा आवाज गौतमीचा होता.

तेजल अजून साकवावरून जाताना कठड्यावरच्या त्या खाचेला हात लावते.

तात्पर्य: यंत्र हिशेब करील, पण खरं सांगायचं काम विद्यार्थ्याचं आणि ते पारखून घ्यायचं काम गुरूचं, ते यंत्रावर टाकता येत नाही.