घाटमाथ्यावरची ओ

“म्हणजे ही ओ मुळात कुणाची, बुवा? आपली, की कानडी मुलखाची?”

पद्मनाभशास्त्र्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. धोंडगीर गोसाव्यांनी चुलीतलं लाकूड जरा आत सरकवलं.

मठी म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि पुढे कातळाचं अंगण. अंगण संपलं की कडा. कड्याखाली कोकण, पाठीमागे कानडी मुलूख. किनाऱ्यावरचं मीठ घेऊन लमाणांचे तांडे याच घाटाने वर चढत. चाळीस वर्षं या जागी बसलेल्या म्हाताऱ्या गोसाव्यांना येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या दहा भाषा कळतात, असं पार कऱ्हाडपर्यंत बोललं जाई. ते ऐकूनच शास्त्री सहा दिवसांची वाट तुडवून आले होते.

त्यांनी पोथी सोडली. तीनशे पानांची पोथी, आणि सगळी त्या एका अक्षरावर.

मराठीत कुणी हाक मारली की आपण ओ देतो, ते सांगू लागले. कानड्यांचंही तसंच, तेही हाकेला ओच देतात. उत्तरेत मात्र ओ म्हणजे उत्तर नव्हे, ती हाकच. मलबारी मिरीवाल्याच्या तोंडी ओ म्हणजे होकार. तमिळ माणूस शब्दाच्या शेवटी ओ लावतो तेव्हा त्याच्या मनात शंका असते. फारसीत ओ म्हणजे तो. आणि तीसुद्धा, कारण त्या भाषेत तो आणि ती यांत भेद नाही. गोव्याच्या एका पाद्र्याने सांगितलं होतं, की फिरंग्यांच्या ओला स्वतःचा असा अर्थच नाही, तो नामाच्या पुढे नुसता चोपदारासारखा उभा असतो. आणि संस्कृत कोशात त्याचे तीन अर्थ दिलेत. हाक मारणं, आठवण होणं आणि कणव येणं.

ओ दिली म्हणावं की ओ दिला, या वादाला त्यांनी अकरा पानं खर्ची घातली होती.

हे सगळं आत्ताच का, तेही त्यांनी सांगून टाकलं. कार्तिकात संस्थानच्या दरबारात सभा भरणार होती. हा शब्द कानडीतून मराठीत आला असं म्हणणारे धारवाडचे एक पंडित तिथे येणार होते. तो आपलाच आहे हे सिद्ध करता आलं नाही, तर पोथी कृष्णेत सोडीन, असं शास्त्री भर मंडळीत बोलून बसले होते.

गोसाव्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोन दिवसांपासून त्यांचा घसा बसला होता; बोलले ते जवळजवळ कुजबुजच.

“शास्त्रीबुवा… तुम्हाला कुणी हाक मारली, तर तुम्ही ओ देता?”

“देतोच की.”

शास्त्री हे पटकन बोलून गेले, आणि मग उगाच पोथीची दोरी गुंडाळत राहिले.

बाहेरचा उजेड पांढरा झाला. नवरात्र उलटलं होतं, घाट नुकता वाहता झाला होता, आणि या दिवसांत इथे भरदुपारी धुकं वर चढतं. बघता बघता अंगणातली तुळस दिसेनाशी झाली.

गोसावी उठले. त्यांनी खांद्यावर घोंगडी टाकली, शास्त्र्यांना हाताने खूण केली आणि कड्याच्या तोंडाशी जाऊन बसले.

मग थांबत थांबत त्यांनी मठीचा रिवाज सांगितला. कड्याच्या जरा खाली वाटेला फाटा फुटतो. इथून पाहता उजवी वाट मठीत येते. डावी थोडी चालते आणि संपते… पुढे नुसती दरी. धुक्यात दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून धुकं चढलं की इथे बसून ओ देत राहायची. खाली कुणी असलं, तर ते आवाजाच्या रोखाने येतं.

“आज माझ्याने होत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही द्या.”

शास्त्री संकोचले. हाक तर कुणी मारलेली नाही, मग ओ कशी द्यायची, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते.

त्यांनी ओ दिली. पाठशाळेत संथा देताना निघते तशी निघाली. नीटस, मोजकी. धुक्याने ती तिथल्या तिथे गिळून टाकली.

गोसाव्यांनी डोळे न उघडता आपल्या पोटावर हात ठेवला.

शास्त्र्यांनी पुन्हा दिली, पोटातून. मग पुन्हा…

सुरुवातीला प्रत्येक वेळी त्यांना आपली पानं आठवत होती. ही अनुमती, ही शंका, हे सर्वनाम. मग घसा कोरडा पडला आणि एकेक अर्थ गळत गेला. तोंड उघडायचं, आतलं बाहेर सोडायचं, एवढंच उरलं. पुढ्यात पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

त्या पांढऱ्यात त्यांना आपलं घर दिसलं. पूर्वी जेवायच्या वेळी आतून हाका यायच्या. एक, दोन, तीन. ते लिहीत बसलेले असत. मग कधीतरी हाका थांबल्या. आता ताट वाढून दाराशी ठेवतात आणि झाकण वाजवून निघून जातात. हे केव्हापासून… त्यांना आठवेना.

त्यांनी ओ दिली. या खेपेस आवाज फुटला.

आणि खालून आली.

“ओ…”

फार दुरून, बारीक. प्रतिध्वनी असेल, असं त्यांना वाटलं. पण प्रतिध्वनी इतका उशिरा येत नाही. त्यांनी पुन्हा दिली आणि कान दिले. पुन्हा आली. थोडी वर… आणि डावीकडून.

शास्त्री उभे राहिले. डावीकडे वाट संपते, हे खालच्या माणसाला कोण सांगणार? सांगायला त्यांच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता. ते अंगणाच्या उजव्या टोकाशी गेले आणि तिथून ओ देऊ लागले. एक संपायच्या आत दुसरी. उपरणं कुठे पडलं याचीही त्यांना शुद्ध नव्हती.

खालचा आवाज थांबला.

दगड घरंगळल्याचा आवाज झाला. बराच वेळ घरंगळत राहिला… मग काहीच नाही.

“बुवा,” शास्त्री म्हणाले. गोसावी हलले नाहीत.

शास्त्री कातळावर पालथे पडले आणि डोकं कड्याबाहेर काढून ओरडले. तीच एक ओ. तिला ना आकार राहिला होता, ना उच्चार. कऱ्हाडात कुणी ऐकली असती तर हा आपल्या पद्मनाभशास्त्र्यांचा आवाज, असं कुणी म्हटलं नसतं.

“ओ.”

अगदी हनुवटीखालून आली. धुक्यातून एक हात वर आला. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बोटं रक्ताळलेली. तो हात कातळ चाचपू लागला.

सकाळी मठीतलं पाणीसुद्धा न घेता शास्त्र्यांनी आपला तांब्या वेगळा भरून आणला होता. तो हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि ओढला.

वर आली ती एक लमाण बाई. चाळिशीची असेल. गुडघे खरचटलेले, खांद्यावर दोराचं जाड वेटोळं. वर येताच ती बसली नाही. धापा टाकत इकडेतिकडे शोधू लागली.

“कुठाय तो?” तिने मोडक्या मराठीत विचारलं.

“कोण?”

“हरवलेला माणूस.”

शास्त्र्यांना काही उमजेना. तेव्हा तिने श्वास घेत घेत सांगितलं. तिचं नाव सोमली. धुकं दाटलं तेव्हा तांडा खालच्या रुंद वळणावर थांबला होता. बैल मोकळे केले होते, गोण्या उतरवल्या होत्या, सगळे सुखरूप होते. इतक्यात वरून आवाज येऊ लागला. मठीतल्या बाबांचा आवाज तांडा ओळखतो. तो ऐकला की मठीची वाट कळते. हा आवाज बाबांचा नव्हता. परका होता, आणि घाबरलेला. कुणीतरी कड्यावर अडकलंय, हे सगळ्यांच्याच ध्यानात आलं. पुरुष म्हणाले, धुकं विरेपर्यंत थांबू. पण तो आवाज काही थांबेना. तेव्हा तिने बैलाचा दोर सोडून घेतला आणि वाट सोडून सरळ आवाजाच्या रोखाने वर चढली. मधे एकदा पाय सुटला. दगड गेला, ती राहिली.

“पण बाई,” शास्त्री म्हणाले, “तुम्ही हाक मारत होतात. मी ओ देत होतो.”

सोमलीने मान हलवली.

“हाक तुमची. ओ मी देत होते… येतेय म्हणून.”

शास्त्री होते तिथेच कातळावर बसले. समोर धुकं तसंच होतं, दरी तशीच होती. इतका वेळ आपल्या तोंडून काय जात होतं, ते आत्ता पहिल्यांदा त्यांच्या कानांवर पडत होतं. बाई अजून त्यांच्याकडे बघत होती. ज्याच्यासाठी ती जिवावर उदार होऊन चढली होती, तो तिला अजून दिसला नव्हता.

“मीच तो,” ते हळूच म्हणाले.

सोमलीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कुठे लागलंय का, ते बघितलं. मग दोर खांद्यावरून उतरवून खाली ठेवला.

गोसाव्यांनी घोंगडी तिच्या पाठीवर घातली आणि चुलीवरची ऊन आंबील तिच्या हातात दिली.

कार्तिकातली ती सभा शास्त्र्यांवाचूनच झाली. तीनशे पानांची पोथी कृष्णेत गेली नाही. वर्षभर ती मठीच्या फळीवर पडून होती, आणि मग धारवाडच्या पंडितांनी ती वाचायला म्हणून मागवून घेतली. शास्त्री कऱ्हाडला परतले ते थेट पुढच्या पावसाच्या तोंडावर. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी ते कितीतरी वेळ कड्याकडे तोंड करून नुसते बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. मग मान न वळवता त्यांनी विचारलं,

“बुवा… मग हाक कुणाची, आणि ओ कुणाची?”

गोसावी जवळ येऊन बसले. त्यांनी खालच्या पांढऱ्याकडे बोट केलं.

“थांबलास का रे? खाली अजून कुणी असेल.”