राजाची बाज

सोनगडच्या उदयभान राजाला बागेत कारंजी हवी होती, म्हणून त्याने डोंगरातून येणारा ओढाच वर अडवला. खालच्या गावातली भातखाचरं भेगाळली, तेव्हा तिथली पाटलीण भिवराक्का तडक बागेत गेली. महाराज आंब्याखाली बाजेवर लोळत होते.

“खाली वाळलं तर खालच्यांचं वाळेल,” राजा जांभई देत म्हणाला. “वरच्याला त्याचं काय? पटत नसेल तर खोटं करून दाखव, नाहीतर चालू लाग.”

“दाखवते की. बाजेची पायाकडची दोरी तेवढी सोडू का?”

“खुशाल सोड. माझं डोकं या टोकाला आहे.”

बाज एकाच दोरीने विणलेली होती. भिवराक्काने गाठ सोडून दोन हिसके दिले, तशी सगळी वीण ढिली पडली आणि महाराज चौकटीतून थेट जमिनीला टेकले. पाय वर, पगडी मातीत.

“अगं बये, हे काय केलंस?”

“दोरी पायाकडचीच सोडली, महाराज. डोक्याकडच्याला त्याचं काय?”

शिपाई हसू दाबत धावले. राजा अडकल्या जागेवरूनच ओरडला, “अरे, मला मागाहून काढा, आधी तो ओढा सोडा!”