बेणाबाईचं लिंपण

त्या राज्यात जमीन थोडी होती, म्हणून सगळे एकमेकांच्या डोक्यावर राहत.

भिंतीकडेला चुंबळींवर मडक्यांच्या उतरंडी लावलेल्या होत्या. तळाला पोटाळ डेरा, त्याच्या तोंडावर मडकं, मडक्यावर गाडगं आणि शेंड्याला बोळकं. वेगळ्या झाकणाची चैन तिथे कोणाला नव्हती. वरच्याचं बूड तेच खालच्याचं झाकण. एकाची जमीन ती दुसऱ्याचं छप्पर, आणि भांडायला एवढं कारण कुठेही पुरतं. त्यात मडक्याला स्वतःच्या पोटात डोकावता येत नाही, दुसऱ्याच्या तर नाहीच नाही. जे काय कळायचं ते वासावरून, आवाजावरून आणि अंगाला बसणाऱ्या धक्क्यावरून. उरलेलं ज्याचं त्याने मनाने भरून काढायचं.

राज्य हाताचं होतं. हात उजेडातून यायचा, कोणाला उचलायचा, कोणाला ठेवायचा. तो कुठून येतो नि कशाला येतो, हे विचारायची पद्धत नव्हती. दुसरी एक पद्धत मात्र सगळे पाळत. वरचा खालच्यावर टेकला की त्याने म्हणायचं, "डोकं सांभाळा," आणि खालच्याने म्हणायचं, "पाय सांभाळा." रोज सकाळी उजाडल्यावरही हेच म्हटलं जायचं. त्यात माया असायचीच असं नाही. पण म्हटल्याशिवाय दिवस सुरू होत नसे.

तिसऱ्या उतरंडीत, डेऱ्याच्या वर, बेणाबाई राहत होती. तिच्या पोटात राखेत मिसळलेलं वालाचं बियाणं होतं. पावसाळा सरून भात कापलं की हात येणार, बी काढून पेरणार आणि त्यावर पुढच्या वर्षी सगळ्या राज्याचं पोट भरणार. तोवर ते कोरडं ठेवायचं, एवढंच तिचं काम. ज्या मडक्यातलं बी बिघडतं त्याला पुन्हा उतरंडीत जागा मिळत नाही. ते बाहेर कुंपणाच्या खुंटावर पालथं घातलं जातं आणि कावळे त्यावर बसतात. बेणाबाईला हे पक्कं ठाऊक होतं. शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे, ही गोष्ट तिच्या डोक्यातून जात नसे.

आणि शेजार म्हणाल तर एकेक नमुना. डोक्यावर खारेकाकू, म्हणजे मिठाचं गाडगं. हवा दमट झाली की त्यांना जो घाम फुटायचा तो थेट बेणाबाईच्या खांद्यावरून ओघळायचा, आणि वाळला की तिच्या अंगावर पांढरे चट्टे उठायचे. खारेकाकूंच्या डोक्यावर मोहरीचं बोळकं. तिला सगळे नुसतं मोहरीच म्हणत. हाताची बोटं तिच्यात शिरली की दाणे असे काही नाचत की तळापर्यंत कानठळ्या बसाव्यात, आणि बोटं निघून गेली तरी ही बया आपली डुलतेच आहे. खाली कोंडाजी. डेरा भला थोरला, पण पोटात नुसता कोंडा, त्यामुळे त्याला कोणी विचारत नसे आणि तोही कशात लक्ष घालत नसे. त्याच्याकडे टोके किड्यांचा कायमचा मुक्काम. त्यांना करमेनासं झालं की ते बेणाबाईच्या पोटावरून फिरायला निघत, ते तिच्या तोंडापर्यंत.

"खारेकाकू, जरा बघा ना, तुमच्याकडून पाणी येतंय," बेणाबाई सांगायची.

"माझ्याकडून? छे हो. वरून येत असेल," खारेकाकू म्हणायच्या. त्यांच्या वर फक्त मोहरी होती, आणि मोहरीला घाम फुटल्याचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

मोहरीला सांगावं तर ती म्हणायची, "मी काय हौसेने नाचते का? तुम्हालाच फार ऐकू येतं."

कोंडाजी सगळ्यात गोड. "पाहुणे आहेत हो ते. येतील, जातील. पाहुण्यांना काय हाकलायचं?"

इथे बेणाबाईची बाजू घ्यावीच लागेल. ज्याच्याकडे जपण्यासारखं काही नसतं त्याला घरात पाहुणे ठेवायला काय जातं? कोंड्याला टोके लागले काय नि न लागले काय. मीठ ओलं झालं तरी मीठच राहतं. पण बियाण्याला पाण्याचा थेंब लागला की ते बियाणं राहत नाही. बेणाबाई घाबरलेली होती, आणि घाबरलेल्याला शेजारी म्हणतात किरकिऱ्या.

मग एके दिवशी हाताने खारेकाकूंना खाली घेतलं, त्यांच्यात नवं मीठ भरलं आणि पुन्हा वर ठेवलं. ठेवताना त्या जराशा कलत्या बसल्या. बेणाबाईच्या काठाशी नखाएवढी फट राहिली आणि तिच्यातून उजेडाची एक कोर आत आली.

"डोकं सांभाळा," खारेकाकू म्हणाल्या.

"पाय सांभाळा," बेणाबाई म्हणाली खरी, पण तिच्या मनात आलं, या आज इतक्या घाईने का बोलल्या?

झालं, तिथून संशयाचं किटाळ जे शिरलं ते शिरलंच. इतके महिने नीट बसणारी बाई आजच कलती का बसावी? फट नेमकी माझ्याच तोंडाशी का? दुपारी खारेकाकू नि मोहरी काहीतरी बोलून हसल्या, आणि बेणाबाईने विचारल्यावर दोघी म्हणाल्या, कुठे काय. कुठे काय म्हणजे काहीतरी नक्कीच. टोके रोज चढत होते, पण आता ते फटीशी येऊन थबकत, आणि परत गेले की कोंडाजीकडे कुजबुज होई. त्याला पाहुणे म्हणायचं की हेर, हे ज्याने त्याने ठरवावं. बेणाबाईने ठरवून टाकलं होतं.

तिने सगळ्यांना एकत्र बोलावलं. एकत्र म्हणजे काय, सगळे होते तिथेच होते, फक्त आवाज मोठा करायचा.

"मला फट नकोय," ती म्हणाली. "काकू, सरळ बसा."

"मी बसलेली नाही, मला बसवलंय," खारेकाकू म्हणाल्या. "हाताला सांगा. आणि एवढं काय लपवताय हो आत?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला असेल. बेणाबाईला तो सहज वाटला नाही.

"अहो, तुम्हीही माझ्यावर कलत्याच बसलाय की," खालून कोंडाजी समजुतीने म्हणाला. "मला तर बरं वाटतं. वारा लागतो."

"म्हणजे तुम्ही मला खालून बघता?" बेणाबाईने विचारलं.

मोहरी तेवढी हसली आणि डुलली, आणि बेणाबाईच्या फटीतून राखेचा एक कण बाहेर उडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी खारेकाकू म्हणाल्या, "डोकं सांभाळा." खालून उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. तरी नाही. या उतरंडीत असं आजवर झालं नव्हतं.

त्याच सुमारास एक कुंभारीण माशी तोंडात ओल्या चिखलाची गोळी घेऊन घर बांधायला जागा शोधत होती. बेणाबाईने तिला हाक मारली.

"इथे लिंप. माझ्या तोंडाभोवती, या काकूंच्या बुडाला धरून. मग वर तुझं घर हवं तेवढं मोठं बांध."

माशीने फट हुंगली. "सगळी बुजवू?"

"सुई शिरता कामा नये."

"माती ओली आहे, बाई. वाळताना अर्धी ओल आत उतरेल."

"वरून येते तिच्यापेक्षा ही बरी. ही निदान मी सांगून घेतलेली आहे," बेणाबाई म्हणाली.

कुंभारीण कामाची होती. फेऱ्यावर फेऱ्या मारून तिने काठाभोवती लिंपण घातलं. उजेडाची कोर बारीक झाली, मग दोऱ्याएवढी उरली, मग गेली.

"बेणाबाई, हे काय चालवलंय? माझे पाय चिकटले," खारेकाकू ओरडल्या.

"पाय तुमचे तुम्ही सांभाळायचे," बेणाबाई म्हणाली. त्या उतरंडीत ती एवढ्या समाधानाने कधी बोलली नव्हती.

पुढचे काही दिवस तिला सुख म्हणजे काय ते कळलं. टोके चढून यायचे, लिंपणाला डोकं आपटायचे आणि परत जायचे. खारेकाकूंचा घाम बाहेरच्या बाहेर ओघळून जायचा. मोहरीचा नाच लांबच्या गावातल्या लग्नासारखा वाटायचा. आत गार, अंधार आणि शांत. माझं बी नि मी, ती मनाशी म्हणायची. आता कोण काय करतंय बघू.

मग एका सकाळी टिक असा आवाज झाला.

तिला आधी मोहरीच वाटली. पण मोहरी गप्प होती. पुन्हा टिक. मग राख सरकल्याची सळसळ. आवाज बाहेरून येत नव्हता. कोणीतरी आत होतं.

लिंपायच्या आधीच कोणीतरी आत शिरून बसलं असणार. कोण? "कोंडाजीभाऊ, तुमचे पाहुणे सगळे आहेत ना तिथे?" तिने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"आहेत की," कोंडाजी लगेच म्हणाला.

इतकं लगेच? त्याने मोजले कधी? म्हणजे उत्तर तयारच होतं. बेणाबाईने त्याचं नाव मनातल्या मनात पक्कं केलं. पण मग आवाज वाढले. एक टिक, मग ठिकठिकाणी टिक, आणि त्यावर एक हिरवट, कच्चा वास. ती रात्रंदिवस कान देऊन बसू लागली. चोर एक नव्हता, टोळी होती, आणि ती तिच्या पोटात वाढत होती.

"बेणाबाई," वरून खारेकाकूंचा दबका आवाज आला. "ऐका हो. माझ्या बुडाला खालून काहीतरी टोचतंय. तुमच्या आत काही हलतंय का? थोडं लिंपण फोडून बघा."

"म्हणजे कान लावून बसला होतात तर," बेणाबाई म्हणाली.

"कान कुठला? बूडच तुमच्यावर आहे माझं."

"लिंपण फोडायचं म्हणे. हेच हवंय ना तुम्हाला, पहिल्या दिवसापासून?"

खारेकाकू रागावल्या. त्यांनी बेणाबाईला काय काय म्हटलं ते इथे सांगण्यात अर्थ नाही. बेणाबाईने कुंभारणीला बोलावून आणखी एक थर चढवून घेतला.

त्यानंतर कोंडाजीने एक गोष्ट केली जी त्याने जन्मात केली नव्हती. त्याने दुसऱ्याची चौकशी केली. "बेणाबाई, माझ्या तोंडाला तुमची ऊब लागतेय," तो हळूच म्हणाला. "बरं वाटत नाहीये का?"

बेणाबाईला एकदम रडू आलं. बरं वाटत नव्हतंच. अंग तापलं होतं, आतून कोणीतरी सारखं ढकलत होतं, आणि कितीतरी दिवसांत तिच्याशी कोणी असं बोललं नव्हतं. भाऊ, मला भीती वाटते हो, हे शब्द अगदी काठाशी आले. मग तिच्या मनात आलं, यांनी आजच का विचारावं? आणि तोंड तर लिंपलेलं होतंच. शब्द आतच राहिले. कोंडाजीनेही पुन्हा विचारलं नाही.

पाऊस संपला. बाहेरून कापलेल्या भाताचा कोरडा वास येऊ लागला आणि बेणाबाईला धीर आला. आता हात येईल. आता सगळं उघड होईल. हाताला काय सांगायचं हे तिने घोकून ठेवलं होतं: आधी खारेकाकूंचा घाम, मग कोंडाजीचे हेर, आणि शेवटी, हे बघा, चोर मी मुद्देमालासकट आत धरून ठेवलेत.

हात आला. त्याने मोहरीला उतरवून बाजूला ठेवलं. खारेकाकूंना उचलायला गेला तर बेणाबाईही बरोबर उचलली गेली. हात थबकला. त्याने दोघींना जमिनीवर ठेवलं, लिंपणावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि कडेने माती फोडत गेला. कुंभारणीचं घर ढासळलं. खारेकाकूंचे पाय सुटले, आणि इतक्या भांडणानंतरही त्या पद्धत विसरल्या नाहीत. "डोकं सांभाळा, बेणाबाई," त्या म्हणाल्या.

हाताने समोर सूप ठेवलं आणि बेणाबाईला त्यावर उपडं केलं. काही पडलं नाही. त्याने तिला हलवलं, मग बुडावर थापट्या मारल्या. तेव्हा आतून सगळं एकदम निसटलं आणि सुपात येऊन बसलं, विस्कटलं नाही, बेणाबाईच्याच पोटाच्या आकाराचं.

ती बघत राहिली. राखेत कुठेच किडा नव्हता, चोर नव्हता. बी म्हणून राहिलेलंही एक नव्हतं. फुटलेल्या सालींतून निघालेले पांढरेफटक कोंब एकमेकांना वेढे घालत वर चढले होते, आणि वर पोचल्यावर सगळ्यांनी माना वळवून काठ गाठला होता, जिथे लिंपण होतं तिथे. तिथे चाचपून चाचपून त्यांची टोकं काळी पडली होती, आणि प्रत्येक टोकाला कुंभारणीच्या मातीचा एकेक कण चिकटलेला होता.